चतुर्थी म्हणजे देणे

सोमवार, ४ फेब्रुवारी

पहाटेचा पाठ तीनदा तुटला! दोनदा माझ्याच खोकल्याने. त्याबद्दल देवाची क्षमा मागितली. तिसऱ्यांदा खिडकीखालच्या मैदानातील त्या चेंडूने — त्याबद्दल क्षमा मी का मागावी? महाविद्यालयाने मागावी.

काय हा खेळ! चामड्याचा फुगा जमिनीवर आपटायचा, वर आला की पुन्हा आपटायचा, आणि कंटाळा आला म्हणजे उंचावर टांगलेल्या टोपलीत टाकायचा. त्या टोपलीला बूडही नाही! टाकलेले काही तिच्यात राहतच नाही. हल्लीच्या शिक्षणाचे इतके अचूक चित्र कोणा चित्रकारालाही साधले नसते.

आणि माझी नात ह्यात आहे. नववे वर्ष सरण्यापूर्वी जिने घराण्याच्या पाठाचे पहिले तीन अध्याय एकही स्वर न चुकवता म्हटले होते, ती! बाराव्या वर्षी कोणी तिच्या हातात चेंडू दिला, आणि तेव्हापासून दुसरे आसन घडी घालून माझ्या आसनाशेजारी पडून आहे. सगळे घर तिला भिंगरी म्हणते. पूर्वी मी म्हणत नसे. आता म्हणतो. शोभते.

परवापासून सोळा महाविद्यालयांतील मुलींची स्पर्धा, आमच्या खिडकीखालीच. हरला तो घरी, असा नियम. निदान तो तरी स्वच्छ आहे. भिंगरीच्या संघाला प्रवेश मिळाला तो केवळ यजमान म्हणून! पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडणाऱ्याला कोपऱ्यात एक खुर्ची द्यावी लागते, तशातला प्रकार. आजवर ह्या संघाने पहिल्या सामन्यापलीकडचे जग पाहिलेले नाही. बुधवारी दुपारपर्यंत शांतता होईल.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

जेवताना विषय मीच काढला. म्हणालो, उद्या हरलात म्हणजे परवापासून पहाट मोकळी होईल.

भिंगरी तोंडातला घास न गिळताच बोलली. (हेही चेंडूकडूनच शिकली असावी.) "आणि जिंकलो तर?"

"तर सूर्याला दिशा बदलावी लागेल."

"पैज लावा मग."

पैज! माझ्या पानावर हा शब्द! म्हणालो, मी पैजा लावत नाही, संकल्प करतो. त्यावर आमची ही वाढता वाढता म्हणाली, "मग संकल्प करा, पण पटकन. जेवण निवतंय."

ठरले ते असे. जिथे कुठे त्या हरतील, त्याच्या दुसऱ्या पहाटेपासून भिंगरी दुसऱ्या आसनावर बसेल आणि अख्खा पाठ कंठात उतरेपर्यंत चेंडूला हात लावणार नाही. आणि अजिंक्य ठरल्या — हे लिहितानाही हसू येते — तर मी तिला पुन्हा कधीही 'ये, बस' म्हणायचे नाही.

"कधीही म्हणजे कधीही, आजोबा. तोंडानं नाही आणि डोळ्यांनीही नाही."

डोळ्यांनी! मी डोळ्यांनी काय म्हणतो?

मान्य केले. ह्यात धोका तो कोणता?

ह्या पाठातील शब्द कुठेही छापलेले सापडतील. स्वर छापता येत नाहीत. ते वडिलांच्या कंठातून माझ्या कंठात आले. पुढे चिरंजीवांच्या कंठात जायचे होते. पण चिरंजीव दंतवैद्य झाले. इतरांच्या तोंडात डोकावण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने स्वतःचे तोंड कशासाठी उघडावे! उरली ती भिंगरी. ती बसली नाही तर हे स्वर माझ्यापाशीच संपतील. माझा आवाज मधल्या अध्यायात फाटू लागला आहे. कोणाला सांगितलेले नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

जिंकल्या!

ह्याला जिंकणे म्हणायचे असेल तर. प्रतिपक्षाच्या मुली अंगाने दुप्पट आणि आत्मविश्वासाने चौपट. अर्धा सामना त्या एकमेकींशी हसतच खेळल्या. शेवटी भिंगरीच्या संघातील एका लांबलचक मुलीने (हिला चिपाडी म्हणतात) डोळे मिटून चेंडू भिरकावला. तो टोपलीच्या कडेवर घटकाभर फिरत राहिला, जणू त्यालाही लाज वाटत होती, आणि मग आत पडला. एका गुणाने विजय.

ह्यांचा दोष एका दृष्टिक्षेपात दिसला. ह्या जे करणार ते आधी ओरडून सांगतात! "आत दे! आत दे!" मग शत्रूही आत जाऊन उभा राहतो. त्याला कान नाहीत का?

ही गच्चीच्या कठड्याला टेकून मटार सोलत सामना पाहत होती. मी म्हणालो, खिडकी लावून घेतली असती, पण गुदमरते. "हो ना," ही म्हणाली, "आणि पाठ फिरवून बसलं तर मान दुखते."

गुरुवार, ७ फेब्रुवारी

आज कानांवर विश्वास बसला नाही. पाठ संपवून उठत होतो, तोच मैदानातून आवाज — "सप्तमी! तृतीया! पंचमी, अगं पंचमी!"

विभक्त्या! चेंडूच्या मैदानात!

खिडकीशी गेलो. भिंगरी मधोमध उभी राहून एकेक विभक्ती पुकारते, आणि बाकीच्या घामाघूम पोरी त्याप्रमाणे धावतात. संघाचे ते गुरू, ज्यांना मी शिट्टीमास्तर म्हणतो (भाजी आणायला जातानाही गळ्यात शिट्टी असते), बाजूला उभे राहून मान डोलावत होते. युक्ती कळली. साध्या शब्दांत ओरडले की शत्रूला समजते, म्हणून शाळेत घोकलेले विभक्तींचे कोष्टक काढले! ज्या शास्त्रासाठी आमच्या गुरूंनी डोळे घालवले, त्याचा हा उपयोग — चेंडू कोणाकडे फेकायचा!

आणि तेही चुकीचे! भिंगरी 'पंचमी' म्हणाली की चेंडू आत उभ्या असलेल्या चिपाडीला दिला जातो. आणि 'चतुर्थी' म्हटले की एक ठेंगणी मुलगी टोपलीपासून दूर पळत जाऊन लांबून नेम धरते. अपवित्र करायचेच तर निदान शुद्ध करावे!

जेवताना बोललोच. "देणं म्हणजे चतुर्थी. ज्याला द्यायचं, त्याची चतुर्थी. पंचमी म्हणजे दूर जाणं, ज्याच्यापासून दूर जायचं त्याची. नऊ वर्षांची असताना तुला हे येत होतं."

"अय्या, हो!" म्हणाली. "उलटं झालं की! बदलते."

"सगळंच देणं चतुर्थीत बसत नाही," मी पुढे म्हणालो, कारण शिकवताना अर्ध्यावर थांबण्याची मला सवय नाही. "परत घेण्यासाठी जे दिलं, ते देणं नव्हे. धोब्याला कपडे देतो, ते काही दान नाही. देववाणीत त्याला चतुर्थी लागत नाही."

तिने चमचा तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिले. "हे मला कधी शिकवलं नव्हतं."

"त्या अध्यायापर्यंत थांबलीस कुठे?"

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

पुन्हा जिंकल्या. आठ गुणांनी.

निर्णायक क्षणी तिने 'चतुर्थी' पुकारली आणि चेंडू चिपाडीला दिला गेला. व्याकरणदृष्ट्या निर्दोष. दुसऱ्या बाजूच्या पोरी भांबावून एकमेकींकडे पाहत राहिल्या; त्यांतल्या एकीने 'चतुर्थी' हा शब्द शाळेनंतर प्रथमच ऐकला असावा, तिचे तोंड तसेच उघडे राहिले होते.

ह्यात माझा काही संबंध नाही. चुकीची विभक्ती कानावर पडू नये म्हणून मी दुरुस्ती केली, इतकेच.

शनिवार, ९ फेब्रुवारी

दारात शिट्टीमास्तर! आत यायला सांगावे लागले. बूट काढण्यापूर्वीच सुरू झाले — "आजोबा, तुमच्या विभक्त्या भन्नाट चालल्या! आमचं काम सोपं झालं. अजून काही आहे का ह्यात? म्हणजे स्टॉकमध्ये?"

स्टॉकमध्ये! जणू मी वाण्याचे दुकान चालवतो!

ते बसले त्या खुर्चीत घराण्यातले चार पंडित बसून गेले आहेत. ते गुडघे फाकवून, शिट्टी बोटावर फिरवत बसले आणि म्हणाले की त्यांना असा एक शब्द हवा, ज्यावर कोणीच काही करणार नाही, पण समोरच्यांना वाटेल की आता काहीतरी होणार. "म्हणजे आजोबा, नुसतं गाजर."

उत्तर देणार नव्हतो. पण प्रश्न, दुर्दैवाने, चांगला होता. म्हणालो, "षष्ठी. षष्ठीचा क्रियेशी संबंध नसतो. ती नुसतं नातं सांगते, अमक्याचा तमका. कारकांमध्ये तिची गणनाच होत नाही."

"म्हणजे ती बेंचवर बसते?"

भिंगरी हसता हसता खाली बसली. हीसुद्धा हसली. मी उठून देवासमोर जाऊन बसलो. दंतवैद्य आतून ओरडला, "बाबा, आता तुम्हालाही शिट्टी द्या म्हणावं!" — ह्या मुलाला लहानपणी मी मारले नाही, हे चुकलेच.

सोमवार, ११ फेब्रुवारी

उपांत्य सामना. गेल्या वर्षी दुसऱ्या आलेल्या त्या मुली, केसांच्या एकसारख्या वेण्या घालून, बँडच्या तालावर मैदानात आल्या. सैन्यासारख्या! समोर आमच्या, म्हणजे भिंगरीच्या, सात जणी. त्यांतल्या दोघींच्या बुटांना नाड्यांऐवजी सुतळी.

पहिल्या अर्ध्यात खूपच मागे पडल्या. मी समाधानाने मांडीवर पोथी उघडली. उद्या पहाटे कोणता अध्याय घ्यावा? चौथा. तिसऱ्याची उजळणी करून चौथा. तिचा आवाज आता खालच्या पट्टीत स्थिरावला आहे. चौथ्यातील लांब स्वर तिला शोभतील.

मग ती 'षष्ठी' सुरू झाली.

भिंगरी षष्ठी पुकारते. वेण्यावाल्या सगळ्या पाय रोवून, हात पसरून सज्ज होतात — आणि काहीच होत नाही. पुन्हा षष्ठी. काहीच नाही. तिसऱ्यांदा त्यांनी लक्षच दिले नाही, तेवढ्यात 'चतुर्थी!', आणि चेंडू आत. प्रेक्षकांतील पोरेटोरेही ओरडू लागली — "षष्ठी! षष्ठी!" ज्यांना स्वतःच्या नावाची षष्ठी करता येणार नाही, ती कार्टी!

शेवटची शिट्टी झाली तेव्हा भिंगरीचा संघ तीन गुणांनी पुढे होता.

ही माझ्या बाजूला येऊन उभी होती, कधी आली कळले नाही. म्हणाली, "पोथी उलटी आहे मांडीवर."

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आवाज पार बसला. पाठ मनातल्या मनात केला. मनातल्या मनात केलेला पाठ म्हणजे काय? काही नाही. बूड नसलेली टोपली.

एकच सामना उरला आहे. मग पुन्हा कधीही नाही — तोंडाने नाही, डोळ्यांनीही नाही. हा मूर्खपणा मी मान्य केलाच कसा?

बुधवार, १३ फेब्रुवारी

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो.

दुपारी घंटी वाजली. भिंगरीने दार उघडले; ती सरावाला निघालीच होती, एक बूट पायात, एक हातात. दारात माझी जुनी विद्यार्थिनी. हिला आम्ही वर्गात विदुषी म्हणत असू. थट्टेने म्हणत होतो, हे तिला कधी कळले नाही. आता त्या बड्या महाविद्यालयात प्राध्यापिका आहे. तेच महाविद्यालय, ज्यांचा संघ वर्षानुवर्षे ही स्पर्धा जिंकत आला आहे आणि परवा अंतिम सामन्यात समोर आहे. चष्म्याला सोनेरी साखळी, हातात फळांची परडी. माझ्याकडे सहा वर्षे शिकली. आल्या आल्या तिने माझ्या प्रकृतीची चौकशी इतक्या शुद्ध आणि इतक्या पोकळ वाक्यांत केली, की मला तिच्या जुन्या उत्तरपत्रिका आठवल्या.

भिंगरीने पाणी आणून ठेवले आणि बूट घालायला बाहेर गेली.

मग विदुषी मुद्द्यावर आली. "गुरुजी, जरा विचित्र वाटेल. आमचे खेळाचे सर माझ्या मागेच लागलेत. म्हणतात, समोरच्या मुली विभक्त्या ओरडतात, तुम्ही भाषेच्या आहात, अर्थ सांगा. आता मी काव्य शिकवते हो, गुरुजी, व्याकरण केव्हाच सुटलं. आणि नुसत्या अर्थानं त्यांचं भागत नाही. त्यांना कळायला हवंय, कुठल्या शब्दावर चेंडू कुठे जातो. तुमची खिडकी तर वरच आहे."

व्याकरण केव्हाच सुटलं! सोनेरी साखळी मात्र सुटली नाही!

समजले. ती काय मागते आहे हे मला पहिल्या वाक्यातच समजले. आणि हेही समजले, की मी 'नाही' म्हणालो तर तिला हात हलवीत परतावे लागेल. आणि 'हो' म्हणालो, तर शनिवारी पहाटे दुसरे आसन उलगडले जाईल.

मी म्हणालो, "विचार."

चतुर्थी म्हणजे देणे. चेंडू आत, उंच मुलीला दिला जातो. पंचमी म्हणजे दूर जाणे. ठेंगणी मुलगी बाहेर पळते आणि लांबून टाकते. सप्तमी म्हणजे आहे त्या स्थळी. टोपलीखाली ठाण मांडणे. तृतीयेत एकीचा आडोसा साधन म्हणून वापरतात. षष्ठीचा क्रियेशी संबंध नाही. ती पुकारली की काही होत नाही, सावध होऊ नका. एकेक विभक्ती उदाहरणासह सांगितली. विदुषी मान डोलावत होती. एकदा तिने विचारले, "पण गुरुजी, खात्री आहे ना? चतुर्थीच ना देण्याची?"

माझा संताप झाला. "ह्या घरात आजवर कोणी चुकीची विभक्ती शिकवलेली नाही!"

दारात नाडी आवळल्याचा आवाज झाला, आणि भिंगरी जिना उतरून गेली. तोवर ती तिथेच होती की काय? पोरीला बूट बांधायला इतका वेळ लागत नाही.

विदुषी फळे ठेवून गेली. मी त्यांना हात लावला नाही. हिने विचारले, कशाला आली होती? म्हणालो, शंका होती. हिने परडीवर फडके टाकले आणि ती कोपऱ्यात सरकवली.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

भिंगरीच्या संघाचा सराव आज मैदानात नाही, व्यायामशाळेत, दारे लावून. खाली पूर्ण शांतता. पाठ एकदाही तुटला नाही. गोड मात्र लागला नाही.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

अंतिम सामना. अख्खे महाविद्यालय मैदानाभोवती. भिंतीवर पोरे, झाडावर पोरे, आमच्या जिन्यातही अनोळखी पोरे, ज्यांनी चपला कुठेही काढल्या होत्या. विदुषी पहिल्या रांगेत, त्यांच्या खेळाच्या सरांशेजारी. त्या सरांच्या गळ्यात दोन शिट्ट्या! ह्या धंद्यात मोठेपणा असा मोजतात वाटते.

पहिली हाक. भिंगरी, दोन्ही हात वर — "चतुर्थी!"

बड्या महाविद्यालयाच्या मुली सगळ्या आत धावल्या आणि चिपाडीभोवती भिंत उभी केली. माझी विद्यार्थिनी चांगली शिकली होती. मी डोळे मिटले.

टाळ्या! डोळे उघडून पाहतो तर चेंडू ठेंगणीच्या हातून सुटलेला, टोपलीतून खाली येतो आहे. ती दूर, एकटी उभी होती. तिच्याजवळ कोणीही नव्हते.

हे काय? चुकली असावी.

"पंचमी!" त्या सगळ्या बाहेर, ठेंगणीच्या मागे. चेंडू आत, चिपाडीकडे. चिपाडी मोकळी, तिने तो हाताने नुसता सोडला.

पुन्हा चतुर्थी, पुन्हा चेंडू बाहेर! पुन्हा पंचमी, पुन्हा आत! माझे रक्त उसळले. आठवडाभरापूर्वी समजावून सांगितले होते, स्वच्छ, उदाहरणासह! ही पोरगी ऐन मोक्याच्या वेळी शिकवलेले सगळे विसरली, आणि पुन्हा उलटेच घोकते आहे! नऊ वर्षांची असताना जिला येत होते! मला भान राहिले नाही. खिडकीतून अर्धा बाहेर वाकून मी ओरडलो — बसलेल्या आवाजात, पण सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या —

"अगं मूर्खे! चतुर्थी म्हणजे देणे! देणे!"

सगळे मैदान वर वळले. हशा पिकला. विदुषीने त्यांच्या सरांना कोपराने ढोसले आणि दोन बोटे नाचवत पुटपुटली, तिच्या ओठांवरून वाचले: "बघा, मी म्हटलं नव्हतं?" सरांनी आपल्या मुलींना आणखी जोरात हातवारे केले — आत, आत!

भिंगरीने वर पाहिले. घामाने केस कपाळाला चिकटलेले. आणि ती हसली! भर मैदानात, माझ्याकडे पाहून, दात दाखवून! मग वळली आणि पुकारली — "षष्ठी!"

समोरच्या पाचही जणींनी हात खाली सोडले. षष्ठीचा क्रियेशी संबंध नसतो ना! भिंगरी त्यांच्या मधून, बाजारातून चालावे तशी, सरळ टोपलीखाली गेली आणि चेंडू टाकून आली.

पुढचे लिहिण्यासारखे नाही. त्यांचे सर दोन्ही शिट्ट्या वाजवत, खुर्च्या लाथाडत फिरत होते, आणि त्यांच्या मुली ज्या शब्दावर आत धावायच्या त्या शब्दावर गोंधळून जागीच उभ्या राहत होत्या. शेवटी शेवटी त्यांनी कानच बंद केले, डोळ्यांनी खेळू लागल्या, आणि अंतर भराभर कमी झाले. भिंगरी एकदा पडली, घोटा धरून उठली, लंगडत खेळली. तिच्या वेदनेनेही माझे मन फिरले नाही; ते व्याकरणाशीच अडले होते. शेवटची शिट्टी. दोन गुण. बूड नसलेल्या टोपलीच्या जोरावर आणि उलट्या विभक्तींच्या बळावर, खुर्च्या मांडणारे अजिंक्य!

शिट्टीमास्तर जमिनीवर लोळत होते. हे त्या महाविद्यालयातील आचार्यपद.

म्हणजे शुद्ध शास्त्र हरले आणि अशुद्ध जिंकले. माझ्या शिकवणीची ही किंमत: जिला सहा वर्षे शिकवले ती बरोबर शिकून हरली, जिला आयुष्यभर शिकवले ती चुकीचे बोलून जिंकली. ज्या जगात हे घडते, त्या जगाला माझ्या पाठाची काय गरज आहे?

ही खाली गेली आणि भिंगरीला मिठी मारून आली. मी गेलो नाही. दुसरे आसन झटकून घडी केले आणि माळ्यावर टाकले. शब्द दिला आहे. तोंडाने नाही, डोळ्यांनीही नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

पाठ करून बाहेर आलो तर भिंगरीने माळ्यावरचे दुसरे आसन काढून बैठकीत पसरले होते, आणि त्यावर सुजलेला पाय टाकून, बर्फाची पिशवी धरून आडवी! आसनाचा हा उपयोग! मी काही बोललो नाही. डोळे भिंतीकडे ठेवले.

तीच बोलली. "त्या बाई आल्या होत्या ना, आजोबा, तेव्हा मी दारात होते. सगळं ऐकलं. खाली जाऊन मुलींना म्हटलं, परवा चतुर्थी-पंचमी उलट करायची, आणि षष्ठीवर मी धावणार. तर चिपाडी म्हणते, अगं, आजोबा तुझे, त्यांनी त्या बाईंना मुद्दाम खोटं सांगितलं असेल तर? मग आपणच गोत्यात."

मी विचारले नाही. तरी तिने सांगितले.

"मी म्हटलं, आजोबा मला हरवतील. पण चतुर्थी चुकवणार नाहीत."